विचारा की! : परक्या गावातला आपला पब

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की इंदूरला परत यायच्या आधी मी आणि माझे यजमान बरीच वर्षं इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशरमधल्या एका खेड्यात पब चालवायचो. त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाहीये, आणि काही पत्रं फार मोठी होती ती कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ६४ वर्षांची आहे, सुदामानगरला राहते. मुलगी-जावई दोघं इंग्लंडला आयटीत होते, आता नोकऱ्या सोडून डर्बीशरमधल्या एका गावात पब घेतलाय चालवायला. नातेवाइकांत मी 'हॉटेल आहे' सांगते. गणपतीत एकीनं सगळ्यांसमोर मोबाइलवर फोटो दाखवला, काकू ही तुमचीच ना, बिअर ओततेय. मला रडूच आलं. मुलगी म्हणते आई हा कम्युनिटी पब आहे, गावासाठी आहे. दारूची जागा गावासाठी कशी असेल? – एक आई

काकू, त्या फोटोत लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्याकडे दारूची जागा म्हटली की डोळ्यासमोर येतो तो अहाता, दुकानाला लागून पत्र्याचं शेड, प्लास्टिकचे ग्लास, आणि बायका रस्ता ओलांडून पलीकडून जाणार. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून सगळे अहाते बंद केले तरी ते चित्र मनातून जात नाही, आणि ते खोटंही नव्हतं, तुम्हाला भीती वाटली यात तुमचं काहीच चुकत नाही.

पण इंग्लंडच्या खेड्यातला चांगला पब बघायचा असेल तर तो दुपारी बघावा. आमच्याकडे मंगळवारी सकाळी विणकामवाल्या बायका यायच्या, एक मोठी किटली चहा, बिस्किटं, आणि दारूचा थेंब नाही, त्यातल्या दोघी-तिघी तर आयुष्यात कधी प्यायलेल्या नव्हत्या. दुपारी कुत्रा फिरवून आलेले आजोबा, अर्धा पाइंट, म्हणजे छोटा ग्लास बिअर, घेऊन दोन तास पेपर वाचणार. संध्याकाळी आई-बाप-पोरं जेवायला. आणि गावात कुणी गेलं की चर्चमधून लोक थेट पबात येतात, त्या घरच्यांना त्या दिवशी काही करावं लागू नये म्हणून सँडविच, केक, चहा सगळं पब बघतो, भिंतीपाशी टेबलावर गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, लोक एकेक आठवण सांगतात. आपल्याकडे शेजारचे पिठलं-भात आणून देतात ना, तेच काम तिथे पब करतो. मी असे कितीतरी दिवस केलेत आणि त्या दिवशी बारच्या मागे उभं राहायला मला कधी कमीपणा वाटला नाही.

खेड्यांत दुकान बंद झालं, पोस्ट गेलं, बस कमी झाली, की उरतो तो पब. म्हणून २००१ मध्ये तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आताचे राजे चार्ल्स, यांच्या पुढाकारानं 'पब इज द हब' नावाची संस्था सुरू झाली, ती पबातच पोस्टाची खिडकी, किराण्याचं कपाट, वाचनालयाचं शेल्फ असं काही सुरू करायला मदत करते. तुमची मुलगी कम्युनिटी पब म्हणते ते हेच असणार.

आणि अजून एक. कुणीही उठलं आणि तिकडे दारू विकायला बसलं असं नसतं. जिच्या नावावर जबाबदारी असते तिला परीक्षा द्यावी लागते, पोलिस रेकॉर्ड तपासतात, मग पर्सनल लायसन्स मिळतं. २००३ च्या कायद्यानं लायसन्स देताना चार गोष्टी बघतात, गुन्हे होऊ नयेत, लोकांची सुरक्षा, शेजाऱ्यांना त्रास नको, आणि मुलांना अपाय नको. शेजारी तक्रार करून लायसन्सचा फेरविचार मागू शकतात. एवढं सगळं डोक्यावर घेऊन पोर काम करतेय. तिकीट काढून जा काकू, दुपारी चार वाजता तिच्या पबात जाऊन बसा, लोक तिच्याशी कसे बोलतात ते बघा. आणि पुढच्या गणपतीत 'पब चालवते' असंच सांगा.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बर्मिंगहॅमजवळ पब घेतोय. गोरे लोक आपल्या माणसाच्या पबात खरंच येतील का? की आपलेच चार लोक बसतील? – राजमोहल्ला

येतील. आणि तुमचा भाऊ ज्या भागात चाललाय तिथे तर याचा मोठा इतिहास आहे, तो त्याला माहीत असलेला बरा म्हणून सांगते.

बर्मिंगहॅमच्या शेजारी स्मेदिक नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या फाउंड्र्यांमध्ये, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, काम करायला पंजाबातून खूप लोक गेले. दिवसभर भट्टीपुढे घाम गाळून संध्याकाळी पबात गेले तर कुठे आत घेत नसत, कुठे एका खोलीत चालेल पण दुसरीत नाही, याला कलर बार म्हणायचे आणि ते उघड उघड चालायचं. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार जौहल आणि त्यांचे साथीदार मुद्दाम गोऱ्या मित्रांना घेऊन अशा पबात जायचे, नकार मिळाला की तो नोंदवून ठेवायचे. १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतले काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले, जौहल त्यांना ब्लू गेट्स नावाच्या पबात घेऊन गेले आणि तिथेही त्यांना एका खोलीत नकारच मिळाला. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्सची हत्या झाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये रेस रिलेशन्स कायदा आला आणि सार्वजनिक जागेत रंगावरून अडवणं बेकायदा झालं.

पुढे त्याच भागातले बंद पडत चाललेले पब आपल्याच लोकांनी चालवायला घेतले. आज स्मेदिक, वेस्ट ब्रॉमिच, वुल्व्हरहॅम्प्टन भागात देसी पब म्हणून ते प्रसिद्ध आहेत, तंदूरवरचं मिक्स्ड ग्रिल आणि पाइंट, टीव्हीवर फुटबॉल, एका टेबलावर सरदारजी, शेजारच्या टेबलावर गोरं कुटुंब, लांबून लोक जेवायला येतात. ज्यांना दारातून परत पाठवलं त्यांच्याच समाजानं ते दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलं, मला ही गोष्ट सांगताना अजून भरून येतं.

तेव्हा भावाला सांगा, मेन्यू आपला चालेल, पण बसायची जागा कुणा एकाच गटाची वाटू देऊ नकोस. टीव्हीवर फक्त आपली क्रिकेट मॅच आणि सगळी बोलणी पंजाबी-हिंदीत, असं झालं की शेजारचा माणूस दारातून बघून परत जातो. उलट, आधीपासून येणाऱ्या म्हाताऱ्यांची डार्टची, म्हणजे बाण फेकायच्या खेळाची, पाटी काढून तिथे मोठा स्क्रीन लावला तरी तेच.

प्रश्न : ताई, मी इंदूरचाच, स्नेहनगरला वाढलो. आता बायको आणि मी नॉर्थ यॉर्कशरमध्ये एका खेड्यात पब चालवतो, दुसरं वर्ष आहे. गावासाठी काही करायचं म्हणून आल्या आल्या क्रिकेट क्लबला चेक दिला, बोर्ड लावला, फेसबुकवर फोटो टाकला. लोक थँक्यू म्हणाले आणि फिरकले नाहीत. सोमवार ते बुधवार पब रिकामा. आधीच्या मालकाला म्हणे गाव फार मानायचं. काय करू?

अरे, चेक दिलास ते छानच केलंस, क्लबला जाळ्या आणि रोलरचे पैसे कुणीतरी द्यावेच लागतात. पण चेक दिला म्हणून लोक पबात येतील हे गणित नको मांडूस, गाव पबात येतं ते आपलं काहीतरी तिथे चालू असतं म्हणून. बाहेरून आलेल्या मालकाला गावाचं काय चालू आहे तेच माहीत नसतं, आणि तो आपल्या मनानं गावाला काय हवं ते ठरवतो, माझं आपल्या लोकांशी याच एका गोष्टीवरून कायम भांडण आहे.

आधीचा मालक काय काय करायचा ते जाऊन विचार, त्यालाच विचार, गावात असेल तर. डार्टची टीम खेळायला आली की मधल्या वेळात सँडविच कोण द्यायचं, चर्चच्या हॉलची जादा किल्ली कुणाकडे असायची, खिडकीजवळचं टेबल बुधवारी कुणाचं, नाताळात एकट्या माणसांना जेवायला कोण बोलवायचं. यातलं जे जे बंद पडलं असेल ते आधी सुरू कर, नवीन काही सुचवायच्या आधी. आणि रंगकाम करताना भिंतीवरचे जुने फुटबॉल टीमचे फोटो काढले असशील तर परत लाव, त्यात कुणाचे तरी वडील उभे असतात.

आता तुझे ते तीन रिकामे दिवस. जागा फुकट दे. बोर्डावर 'मीटिंगसाठी संपर्क करा' लिहून नाही, स्वतः जाऊन. लहान बाळांच्या आयांचा ग्रुप असतो, पॅरिश कौन्सिलची, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतीची, बैठक असते, बाग लावणाऱ्यांची सोसायटी असते, आणि नवरा किंवा बायको गेलेल्या लोकांना बसून बोलायला जागा हवी असते. हीटर चालू ठेव, चहा दे, दुसरा कप मागितला तर पैसे घेऊ नकोस. थंडीत तिकडे म्हातारी माणसं हीटरच्या बिलाला घाबरून घरात एकाच खोलीत ब्लँकेट घेऊन बसतात, आम्ही जानेवारीत दुपारी बारा ते चार पुढची खोली अशीच उघडी ठेवायचो, काही घ्या असा आग्रह नाही. बिल वाढतं, खरं आहे. पण पब एरवीही गरम करावाच लागतो ना, पाइप गोठू नयेत म्हणून.

तुझ्या सेलरमध्येही, म्हणजे बिअरच्या तळघरात, एकदा डोकाव. कास्क एल म्हणजे जिवंत बिअर, पिंपातच तिचं आंबणं चालू असतं. ११ ते १३ डिग्रीत ठेवावी लागते आणि पिंप उघडलं की साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं, नंतर चव उतरते. तीन दिवस गिऱ्हाईक नसताना तू बिअर ओढायचे हॅंडपंप चार-पाच ठेवले असशील तर गुरुवारी येणाऱ्या माणसाला तू उतरलेली बिअर पाजतोयस, आणि यॉर्कशरचा माणूस पहिल्या घोटात ओळखतो, बोलत मात्र नाही, पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. दोनच ठेव, त्यातली एक जवळच्या छोट्या ब्रुअरीची, आणि नळ्या दर आठवड्याला साफ. हे गावाला सपोर्ट करण्यापासून वेगळं वाटेल पण नाहीये. ज्याची बिअर नीट नाही त्याचा चॅरिटीचा डबा कुणी भरत नाही.

मटण-चिकन गावच्या खाटकाकडून, अंडी शेतावरून, ब्रेड जवळच्या बेकरीतून घे, आणि मुख्य म्हणजे पैसे त्याच आठवड्यात दे. छोट्या सप्लायरला मोठी ऑर्डर नको असते एवढं वेळेवर पेमेंट हवं असतं. कामाला गावातली पोरं ठेव, टिपा सगळ्या त्यांच्या, १ ऑक्टोबर २०२४ पासून तर कायदाच आहे की टिपेतला एक पेनीही मालकानं ठेवायचा नाही. कॉलेजातली एक मुलगी तुझ्याकडे शनिवारी काम करायला लागली की तिची आई, मावशी, आजी सगळ्यांना पब आपोआप ओळखीचा होतो.

रॅफल, म्हणजे तिकिटांची बक्षीस सोडत, काढणार असशील तर नियम बघून काढ. कार्यक्रम चालू असताना तिथल्या तिथे तिकिटं विकायची आणि पैसे चांगल्या कामाला, स्वतःच्या गल्ल्यात काहीच नाही, अशा रॅफलला वेगळी नोंदणी लागत नाही. आठवडाभर काउंटरवर तिकिटं विकत बसलास तर ते वेगळं प्रकरण होतं. किती जमले आणि कुणाला दिले ते कागदावर लिहून दाराशी लाव, परक्या माणसानं पैशांच्या बाबतीत जास्तच उघडं राहावं.

बाहेरच्या भिंतीवर डिफिब्रिलेटर आहे का बघ, हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं यंत्र. खेड्यात ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागतो आणि पब सगळ्यांना माहीत असलेली जागा, म्हणून बऱ्याच गावांत ते पबाच्या भिंतीवरच असतं. गावानं वर्गणी काढली असेल तर पेटीला वीज तू दे, आणि बॅटरी व पॅड्सची तारीख बघायचं काम अंगावर घे. त्याचा फोटो फेसबुकवर टाकायची गरज नाही.

आपलं म्हणून काय द्यायचं तर शनिवारी सकाळी पोहे कर. खरंच सांगतेय. आमच्याकडे डोंगर चढायला जाणारा ग्रुप सकाळी नऊला यायचा, त्यांना इंदुरी पोहे, वर शेव, कांदा, लिंबू, आणि कडक चहा. बेकन सँडविच सोडून पोहे मागायला लागले लोक. दिवाळीला गावातल्या मुलांना पणत्या रंगवायला बोलव. पण आधी त्यांचं, मग आपलं, हा क्रम सोडू नकोस.

शेवटचं, इमारत कुणाची आहे? पब कंपनीची, म्हणजे बरेच पब विकत घेऊन भाड्यानं देणाऱ्या कंपनीची, असेल आणि उद्या त्यांना विकायची झाली तर तू आणि गाव दोघं रस्त्यावर. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली गावातले मतदार यादीतले किमान २१ लोक मिळून पबाला 'ॲसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू' म्हणून नोंदवायचा अर्ज कौन्सिलकडे करू शकतात. नोंद झाली की पाच वर्षं टिकते, आणि मालकानं विकायला काढलं तर गावाला पैसे उभे करायला सहा महिन्यांपर्यंत वेळ मिळू शकतो. काही गावांनी असेच पब स्वतः विकत घेतलेत. एकवीस लोक सही करतील का, हे ज्या दिवशी तुला खात्रीनं सांगता येईल तेव्हा तुझे सोमवार-बुधवारही रिकामे नसतील.

प्रश्न : माझ्या वडिलांनी दारूपायी घर बुडवलं. आमच्या कॉलनीत शाळेजवळच्या दारूच्या दुकानाविरुद्ध आम्ही बायका धरणं देऊन बसलो होतो. दारू विकायची आणि गावाची सेवा म्हणायचं हे मला पटत नाही, स्पष्टच लिहितेय. – विजयनगर

स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. तुम्हाला पटलं पाहिजे असं मी म्हणणारही नाही, ज्या घरानं भोगलंय त्याला कुणी शिकवू नये.

मी फक्त माझ्या बाजूनं काय करता येतं ते सांगते. तिकडे झिंगलेल्या माणसाला दारू देणं हा २००३ च्या कायद्याच्या कलम १४१ खाली गुन्हा आहे, मालकच नाही तर देणारा वेटरही सापडतो. बहुतेक ठिकाणी पंचविशीच्या आतला दिसला की ओळखपत्र मागतात, म्हणजे अठराच्या आतला चुकून निसटू नये. पाणी फुकट द्यावंच लागतं, वाइनचा १२५ मिलीचा छोटा ग्लास ठेवावाच लागतो. हे झालं कायद्याचं. माझा नियम असा होता की माणूस झिंगायच्या आधी थांबवायचा, कारण झिंगल्यावर ऐकत नाही. त्याच्या आवाजावरून कळतं, पैसे मोजताना बोटांवरून कळतं. मी जेवणाचं कार्ड पुढे करायची, मग पाणी, मग सरळ सांगायची की आज बास, टॅक्सी बोलावते. किल्ल्या काउंटरमागे. चिडायचे काही जण. दुसऱ्या दिवशी बहुतेक जण काही न बोलता यायचे.

एका बाईनं मला सांगितलं होतं की माझ्या नवऱ्याला देऊ नका. मी त्याला देणं बंद केलं. तो यायचा थांबला आणि सुपरमार्केटमधून बाटल्या घेऊन घरी प्यायला लागला. तिथे स्वस्त मिळते, कुणी मोजत नाही, कुणी थांबवत नाही. स्कॉटलंडनं म्हणूनच २०१८ मध्ये दारूला किमान दर बांधून दिला, एका युनिटला, म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोलला, ५० पेन्स, आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून तो ६५ केला, वेल्समध्येही २०२० पासून तसा कायदा आहे, इंग्लंडमध्ये मात्र नाही. त्या घरासाठी मला यापलीकडे काही करता आलं नाही.

तेव्हा पबाचा गल्ला दारूवर चालतो हे मी लपवत नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या गावात लोक पिणारच आहेत तिथे चार लोकांच्या नजरेसमोर, नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हातून घेतलेली बरी. आणि जो मालक नाही म्हणू शकत नाही त्यानं कम्युनिटी हा शब्द पाटीवर लिहू नये. शाळेजवळच्या दुकानाचं तुम्ही केलंत ते योग्यच होतं, पुन्हा बसायची वेळ आली तर मला कळवा, मी येते.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर आहे, लोकमान्यनगर. मुलगा तिकडे पबाचं लीज घेतोय. बायपासकडचा प्लॉट विकून त्याला पैसे पाठवायचे आहेत. काय काळजी घ्यावी?

काका, पैसे पाठवायचं तुम्हाला बँकेतलं असल्यानं बरंचसं माहीतच असेल. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, मुलाला भेट म्हणून चालतात. वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकते हे धरून चाला. तुम्ही स्वतः धंद्यात भागीदार होणार असाल तर २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे वेगळे नियम लागतात, तिथे सीए पाहिजेच. प्लॉट २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेला आणि लाँग टर्म असेल तर कर दोन पद्धतींनी काढता येतो, इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, जो कमी येईल तो.

पण खरी काळजी लीजची करा. पब कंपनीचं 'टाइड' लीज असेल तर भाडं कमी दिसतं पण बिअर त्यांच्याकडूनच, त्यांच्या भावानं घ्यावी लागते, आणि बाहेर तीच बरीच स्वस्त मिळत असते. ५०० किंवा त्याहून जास्त टाइड पब असलेल्या कंपन्यांना २०१६ ची पब्ज कोड नावाची नियमावली लागू आहे, त्यात सही करायच्या आधी भाडेकरूला माहिती देणं, स्वतंत्र सल्ला घ्यायला सांगणं, सगळं बंधनकारक आहे. मुलाला म्हणा ते कागद वाचल्याशिवाय सही नको. आणि 'फुल रिपेअरिंग' असं लिहिलेलं असेल तर छपरापासून गटारापर्यंत सगळी दुरुस्ती भाडेकरूची, दोनशे वर्षं जुन्या इमारतीची सुद्धा. सर्व्हेअर लावून छप्पर, सेलरची ओल आणि चिमणी तपासून घ्या, फी गेली तरी चालेल. मागच्या तीन वर्षांचे हिशोब मागा. देत नसतील तर प्लॉट राहू द्या.

प्रश्न : ताई मी सप्टेंबरमध्ये स्टुडंट व्हिसावर मँचेस्टरला चाललोय, शिकता शिकता मित्राबरोबर बार सुरू करता येईल का? – रामबाग

नाही. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही, डिग्री करणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते तेवढीच. मित्राच्या नावावर कंपनी काढून तू मागून चालवशील असले सल्ले देणारे भेटतील, ऐकू नकोस, व्हिसा जाईल. चांगल्या पबात पार्टटाइम काम कर, ग्लास धू, सेलर शीक, लोकांची नावं लक्षात ठेवायला शीक. डिग्रीनंतर ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला तर त्यावर स्वतःचं काम करायला परवानगी असते, तेव्हा मला परत लिही.

प्रश्न : सुनेनं पबात 'इंदूर नाइट' ठेवलीय. मी इथून जीरावन, शेव, लोणचं आणि मावाबाटी पाठवतेय, चालेल ना? – छत्रीबाग

मावाबाटी नको. भारतातून तिकडे दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, मावा, पेढे, बर्फी सगळं त्यात येतं, विमानतळावर काढून घेतात. जीरावन आणि शेव घरी खायला बिनधास्त पाठवा, पण पबाच्या किचनमध्ये घरगुती पाकिटं वापरू नका म्हणावं. तिथे १४ ॲलर्जीच्या पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते, आणि त्या यादीत आपली मोहरी आहे, तीळ आहेत, शेंगदाणे आहेत, गहू आहे. म्हणजे साधी फोडणी घातली तरी सांगावं लागतं. बाजारच्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, ते सुनेच्या लक्षात असेल नसेल, आवर्जून सांगा, गव्हाची ॲलर्जी असलेला माणूस पोहे म्हणजे तांदूळच म्हणून निर्धास्त खाईल. जीरावनचा मसाला तिनं तिथेच, लेबल असलेल्या दुकानच्या मसाल्यांतून कुटावा. प्रमाण तुम्ही फोनवर सांगा, आणि कशात काय आहे ते मेन्यूशेजारी मोठ्या अक्षरात लिहून लावायला सांगा.